डीव्हीआर पेटीत कुलूपबंद करावा की पोटमाळ्यावर लपवावा?

दुकान फोडणारे हल्ली जाताना डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डरही उचलून नेतात, त्यामुळे कॅमेरे कोठे लावायचे यापेक्षा रेकॉर्डर कोठे ठेवायचा हा प्रश्न आधी सोडवणे बरे. नागपुरात गांधीबागेसारख्या दाटीच्या बाजारपेठेत त्याची दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणजे डीव्हीआर लोखंडी पेटीत घालून ती पेटी भिंतीला फास्टनरने आवळायची. दुसरे म्हणजे तो पोटमाळ्यावर, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी ठेवायचा. माझ्या कापडाच्या दुकानात मी दोन्ही प्रकार वापरले आहेत.

लपवण्याची बाजू लंगडी नाही. खर्च जवळजवळ नाही, आणि घाईत असलेला चोर आधी गल्ल्याच्या आसपासच हात मारतो. काही दुकानदार तर गल्ल्यामागे बंद पडलेला जुना डीव्हीआर मुद्दाम ठेवतात. परंतु वायरींचा विचार फारसा कोणी करत नाही. कॅमेऱ्यांच्या पांढऱ्या वायरींचा जुडगा क्लिपा ठोकत भिंतीवरून चढतो आणि पोटमाळ्याच्या भोकात शिरतो. ज्याने दिवसा गिऱ्हाईक म्हणून दुकान पाहिले आहे, त्याला वेगळा शोध घ्यावा लागत नाही. वायरिंग भिंतीच्या आत असेल तरच यंत्र खरोखर लपले असे म्हणता येईल. शिवाय पोटमाळ्यावर तागे आणायला नोकर दिवसभर जात-येत असतात. तेथे एकटे जाण्याचे कारण कोणाला सांगावे लागत नाही, आणि रेकॉर्डिंगशी छेडछाड करणारा माणूस प्रत्येक वेळी बाहेरचाच असतो असे नाही.

तरीही माझ्यापुरता निर्णय झाला तो शिडीमुळे. हार्ड डिस्कमध्ये बिघाड झाला की डीव्हीआर बीप देतो. पोटमाळ्यावरचा तो बीप बाजाराच्या गोंगाटात खाली ऐकूच येत नाही. घड्याळ पुढे-मागे झाले, शेजारच्या दुकानदाराला एखादी क्लिप हवी झाली, किंवा पोलिसांनी ठरावीक वेळेचे फुटेज पेन ड्राइव्हमध्ये मागितले, की शिडी शोधा, ती तागे बाजूला सारून टेकवा, आणि माउस व छोटा मॉनिटर घेऊन वर चढा. मोबाईलवरून पाहणे होते, पण काही तासांचे फुटेज त्यावरून उतरवत बसणे हे सहनशक्तीचे काम आहे. नवतप्यात, बाहेर पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, टिनाच्या पत्र्याखाली वाकून बसणे शिक्षाच वाटते, आणि डिस्कला तर तेथे चोवीस तास राहायचे असते. परिणाम असा होतो की ‘संध्याकाळी बघू’ म्हणता म्हणता यंत्राकडे कोणी फिरकतच नाही. चोराने न नेलेला, पण रेकॉर्डिंग कधी थांबले हे कोणालाच ठाऊक नसलेला डीव्हीआर काय कामाचा?

पेटीलाही खोडी आहेत. तयार मिळणाऱ्या स्वस्त पेट्यांचा पत्रा पातळ असतो, आणि त्यांच्या छोट्या कुलपांना अनेकदा एकसारखीच किल्ली लागते; तेव्हा फॅब्रिकेशनवाल्याकडून १६ गेजच्या पत्र्याची, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची पेटी करून घेणे अधिक बरे. फास्टनर पेटीच्या आतून विटेच्या पक्क्या भिंतीत जावेत, प्लायवूडच्या पार्टिशनमध्ये नव्हे. वायरी मागच्या बाजूने आत याव्यात, आणि प्लग पॉइंटही पेटीच्या आतच असावा, नाहीतर एवढ्या कुलपाला वळसा घालून कोणीही बटण बंद करील. मेन स्विच पाडून वीज घालवली तरी तोवरचे रेकॉर्डिंग डिस्कवर शिल्लक राहते, आणि वाचवायचे असते ते तेच. दोन्ही बाजूंना जाळी आणि आत एक लहान पंखा हवाच. कूलरच्या थेट झोतात मात्र पेटी ठेवू नये. ओलावा आणि धूळ दोन्ही आत शिरतात.

क्लाउडचा, म्हणजे रेकॉर्डिंग इंटरनेटवरून बाहेरच्या सर्व्हरवर साठवण्याचा पर्याय चांगला आहे, पण साधारण २ एमबीपीएस दराने अखंड रेकॉर्डिंग करणारा एकच कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी वर पाठवतो. त्यामुळे फक्त दारावरच्या कॅमेऱ्यापुरता तो जोडीला ठेवावा.

पेटीकडे माझा कल झुकण्याचे आणखी एक कारण कागदोपत्री आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि यंत्र कोणाच्या ताब्यात होते व ते नीट चालत होते का, हे प्रश्न तेथे येतात. किल्ली एकाच माणसाकडे असली की उत्तर देणे सोपे जाते.

ज्यांच्या दुकानात नोकर नाहीत, वायरिंग भिंतीत आहे आणि वर स्लॅब आहे, त्यांनी डीव्हीआर वर लपवला तर मी आग्रहाने अडवणार नाही. बाकीच्यांनी, माझ्या मते, पेटी गल्ल्यावर न लावता आतल्या खोलीत, उभ्याने हात पोहोचेल आणि बीप ऐकू येईल अशा उंचीवर लावावी, आणि तिची दुसरी किल्ली दुकानात न ठेवता घरी ठेवावी.