आय३-६००६यू की पेंटियम एन५०००? काही महिन्यांच्या वापरानंतर

पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, जुन्या लॅपटॉपच्या दुकानात 'आय३' या नावाला अजून भाव आहे आणि 'पेंटियम' म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्यामुळे इंटेलच्या आय३-६००६यू प्रोसेसरचं यंत्र दोन-तीन हजारांनी महाग लावलं जातं, तर इंटेलच्याच पेंटियम सिल्व्हर एन५००० प्रोसेसरचं कोपऱ्यात पडून राहतं. दोन्हींवर सारखी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान चिपची डिस्क) आणि ८-८ जीबी रॅम टाकून काही महिने रोजची कामं केली. त्यावरून सांगायचं तर त्या नावासाठी जादा पैसे मोजावेत असं फारसं काही हाती लागत नाही. फरक आहेत, पण ते भलत्याच ठिकाणी आहेत.

कागदावरचं आधी उरकून टाकू. ६००६यू २०१६च्या अखेरीस आला. स्कायलेक पिढी, दोन कोर (काम करणारे गाभे), चार थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं), ३ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), १५ वॅट. वेग २.० गिगाहर्ट्झ, आणि टर्बो, म्हणजे गरजेला वेग वाढवायची सोय, अजिबात नाही. एन५००० डिसेंबर २०१७चा. जेमिनी लेक, चार खरे कोर, चार थ्रेड, ४ एमबी कॅश, फक्त ६ वॅट. मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ, गरजेला थोडा वेळ २.७ पर्यंत उडी.

६००६यूचा एकेक कोर जातीने दमदार, एका ठोक्यात जास्त काम उरकणारा. पण इंटेलने त्याचे पाय २.०वर बांधून ठेवले. एन५०००चा कोर साधा, पण २.७पर्यंत पळतो. ब्राउझर उघडणं, पीडीएफ चाळणं, वर्डमध्ये मराठी टायपिंग, टॅलीत नोंदी अशा तुकड्या-तुकड्यांच्या कामात दोघं इतके जवळ येतात की डोळे झाकून कोण कोणता ते ओळखता येणार नाही.

काम लांबलं की मात्र रंग बदलतो. टास्क मॅनेजरचं परफॉर्मन्सचं पान उघडं ठेवा आणि मोठं फोल्डर झिप करायला लावा. एन५०००चा आकडा आधी अडीचच्या वर दिसतो, मग वॅटची मर्यादा आड येते आणि तो पायऱ्या उतरावा तसा खाली येतो. किती खाली, ते त्या लॅपटॉपच्या थंडाव्यावर आणि कंपनीने बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ठरवलेल्या मर्यादेवर अवलंबून. इंटेलची हमी फक्त १.१ची आहे. तिकडे ६००६यूचा आकडा दोनच्या आसपास खिळा ठोकल्यासारखा उभा राहतो, पंखा फिरता आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट ओली असेल तोवर. झिपमध्ये चार खऱ्या कोरांमुळे एन५००० तरीही फार मागे पडत नाही. एक्सेलच्या हजारो ओळींच्या व्हीलुकअपमध्ये किंवा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना मात्र ६००६यूचा हात वर राहतो.

आता गंमत व्हिडिओची. ६००६यूच्या एचडी ५२० ग्राफिक्समध्ये एच.२६४ आणि ८ बिट एचईव्हीसी हे व्हिडिओ दाबून साठवायचे प्रकार उलगडायची पक्की सोय आहे, पण यूट्यूब ज्यावर बरंचसं चालतं त्या व्हीपी९ची पूर्ण सोय नाही. एन५०००च्या यूएचडी ६०५मध्ये ती आहे. परिणाम असा की १०८०पीचं लेक्चर लावून शेजारी नोट्स उघडल्या की 'कमकुवत' पेंटियम शांत बसतो आणि आय३चा पंखा घरघरायला लागतो. ६० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर मधूनमधून फ्रेमही गळतात. एव्ही१ हा आणखी नवा प्रकार दोघांनाही झेपत नाही, त्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. उपाय सोपा आहे: ब्राउझरमध्ये यूट्यूबला एच.२६४ द्यायला भाग पाडणारं एक्स्टेन्शन टाका, एच२६४-इफायसारखं. मग ६००६यूही निवांत होतो. फक्त १०८०पीच्या वरचे पर्याय यादीतून जातात, आणि १३६६ बाय ७६८च्या पडद्यावर त्यांचं काय करायचंय? मीटिंगमध्ये दोघांचाही घाम निघतो. पार्श्वभूमी धूसर करायची सोय बंद ठेवायची, कॅमेरा ३६०पीवर आणायचा.

इंजिनीअरिंगच्या किंवा बीसीएच्या विद्यार्थ्यांनी मात्र पुढचं लक्षपूर्वक वाचा, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. एन५०००मध्ये एव्हीएक्स नावाचा सूचनासंच (एकदम अनेक आकड्यांवर काम करायच्या आज्ञा) नाही. ६००६यूमध्ये त्याची पुढची पायरी, एव्हीएक्स२ सुद्धा आहे. मशीन लर्निंगच्या टेन्सरफ्लोची तयार पॅकेजं १.६ आवृत्तीपासून एव्हीएक्स मागतात, मोंगोडीबी हा डेटाबेस ५.०पासून. एन५०००वर ती बसवली की इन्स्टॉलेशन व्यवस्थित पार पडतं आणि चालू करताच प्रोग्रॅम 'इललीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो. मग पोरं रॅमला, विंडोजला, अँटिव्हायरसला दोष देत बसतात. रॅम वाढवून हे सुटत नाही. जुनी आवृत्ती वापरा, नाहीतर काम गुगल कोलॅबवर (ब्राउझरमधून गुगलच्या संगणकांवर) न्या. अभ्यासक्रमात मशीन लर्निंग असेल तर एन५००० घेऊच नका. नुसती पायथॉनची तोंडओळख, सी, जावा, वेब एवढंच असेल तर अडत नाही.

रॅमच्या बाबतीत ६००६यू मोकळाढाकळा आहे. इंटेलच्या कागदावर ३२ जीबीची परवानगी, एन५०००ला फक्त ८. खरी अडचण स्लॉटची असते. एन५०००च्या स्वस्त लॅपटॉपांत बहुधा एकच स्लॉट असतो, म्हणून ४ जीबीची पट्टी काढून ८ची एकच घालायची. ६००६यूमध्ये दोन जागा असतील तर ४ अधिक ४ लावा. ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन चॅनेल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) चालू झाले की पडद्यावरची हालचाल जाणवण्याइतकी मोकळी होते. पट्टी घेण्यापूर्वी सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमच्या मेमरीच्या पानावर प्रकार बघा. ६००६यूची काही यंत्रं डीडीआर४वर आहेत, काही १.३५ व्होल्टच्या डीडीआर३एलवर, आणि दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात. एन५००० डीडीआर४ किंवा एलपीडीडीआर४वर येतो. एलपीडीडीआर४ असेल तर रॅम बोर्डावर डाख दिलेली असते, वाढवायचा विषयच संपला.

एसएसडीबद्दल वेगळं काय सांगायचं! ५४०० आरपीएमच्या हार्ड डिस्कवर दोन्ही प्रोसेसर सारखेच मंद दिसतात, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि प्रोसेसर रिकामा. अडीच इंची, ७ मिमी जाडीची २५६ जीबीची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी पुरे. एन५०००ला महागडी एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी) घालू नका, ती ज्यावरून चालते त्या त्याच्या पीसीआयई लेन जुन्या २.० पिढीच्या आहेत, वरचा वेग वायाच जाणार. ६४ जीबी ईएमएमसीवर (बोर्डावरच बसवलेल्या साठवणीच्या चिपवर) विंडोज असलेलं एन५०००चं यंत्र समोर आलं, तर झाकण उघडून साटाची किंवा एम.२ची (पट्टीसारख्या एसएसडीची) जागा आहे का ते पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. विंडोजचं एक मोठं अपडेट आलं की ६४ जीबीत जागाच उरत नाही.

आता विंडोज. विंडोज १०चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११च्या अधिकृत यादीत एन५००० आहे, ६००६यू नाही. जास्त ताकदीचा बाहेर आणि कमी ताकदीचा आत, अशी ही उलटी तऱ्हा. रूफस या मोफत प्रोग्रॅमने बनवलेल्या पेनड्राइव्हवरून प्रोसेसरची अट वगळून ६००६यूवर विंडोज ११ बसतं आणि चालतं. महिन्याचे सुरक्षा अपडेटही येतात, पण वर्षाचं मोठं अपडेट आपलं आपण आयएसओवरून (विंडोजच्या पूर्ण फाइलवरून) करावं लागतं. घरी वापरायला हे चालून जातं. आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा टॅलीवाल्यांच्या टेबलावर, जिथे यंत्र बंद पडलं की धंदा थांबतो, तिथे असली कसरत नको. तिथे एन५००० घ्यावा. फॉर्म भरणं, फोटो-सही ठरावीक केबीत बसवणं, अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर चालवणं एवढ्याला तो पुरून उरतो आणि दिवसभर तापत नाही. विंडोजऐवजी बसणाऱ्या मोफत लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती दोघांवरही सुरळीत चालते.

बॅटरीत ६ वॅटचा फायदा सरळ दिसतो, पण जुन्या मालात प्रोसेसरपेक्षा बॅटरीचं वय जास्त बोलतं. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा आणि 'डिझाइन कपॅसिटी' व 'फुल चार्ज कपॅसिटी' शेजारी-शेजारी वाचा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. एन५०००च्या बऱ्याच लॅपटॉपांत पंखाच नसतो. धूळ साचायचा प्रश्न नाही, पण गादीवर ठेवून वापरलं की वेग लगेच घसरतो. ६००६यूचा पंखा आणि जाळी साफ करून थर्मल पेस्ट बदलावीच लागते. तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, जास्त फासू नका.

दुकानात टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचं नाव स्वतः वाचा. 'सहाव्या पिढीचा आय३' म्हणून ६१००यूच्या भावात ६००६यू खपवला जातो. ६१००यूचा वेग २.३ असतो, इथे २.० दिसेल. 'क्वाड कोर पेंटियम' म्हणून जुना एन३७१०ही गळ्यात मारतात, तो विंडोज ११च्या यादीत नाही. सारख्या रॅम-एसएसडीत ६००६यू आणि एन५०००च्या किमतीत पाचशे रुपयांचाच फरक असेल आणि तुम्हाला एव्हीएक्स किंवा १६ जीबी रॅम लागणार असेल, तर आय३ उचला. फरक हजाराच्या पुढे गेला तर एन५००० घेऊन उरलेल्या पैशांत ८ जीबीच्या पट्टीला हातभार लावा.