गणपती ते पाडवा: कूपनांवर घरचं सामान भरल्यावरचा अनुभव

गणपतीपासून महिन्याचं सामान भरताना मी कूपनं वापरतेय. पुण्यात राहतो, घरात चार माणसं. पैसे वाचतात, यात शंका नाही. पण कशावर वाचतात ते नीट ओळखून असावं लागतं. भांड्यांचं लिक्विड, कपड्यांची पावडर, फिनाईल, चहा, बिस्किटं यांवर कूपनांचा नुसता सुकाळ. तेल, तूरडाळ, साखर, तांदूळ यांवर मला क्वचितच काही मिळालं, आणि बिल तर त्यांनीच फुगतं. ते आम्ही अजूनही वाण्याकडूनच आणतो. डाळीला कीड निघाली तर तो मुकाट बदलून देतो, हे मला दहा रुपयांच्या सुटीपेक्षा मोलाचं वाटतं. वर्षाचे गहू उन्हाळ्यात भुसार बाजारातून येतात, तिथे कूपनाचा प्रश्नच नाही.

टक्के ठळक छापलेले असतात, पण मी आधी ‘कमाल’ किती ते बघते. ‘20 टक्के सूट, कमाल 100 रुपये’ असेल तर 500 च्या बिलावर पुरते 20 टक्के पदरात पडतात. बिल 1500 झालं की तेच कूपन पावणेसात टक्केही देत नाही. उलट ‘999 च्या वर सरसकट 150’ असेल तर बिल हजाराच्या आसपासच थांबवावं. त्यातून डिलिव्हरी आणि हँडलिंगचे पैसे वजा करायचे, मग खरी सूट कळते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पाकिटावरच्या एका बारीक ओळीचा. एमआरपीबरोबर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली किंमतही छापावी लागते. समजा, अर्धा किलोचं पाकीट 160 चं आणि त्यावर 20 रुपयांचं कूपन, म्हणजे ग्रॅमला 28 पैसे. शेजारचं किलोचं पाकीट कूपनाविना 250 ला असेल तर ग्रॅमला 25 पैसेच पडतात. मग कूपन कशाला?

22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. कपड्यांची पावडर मात्र 18 मध्येच राहिली, म्हणून हाताशी आलेलं चांगलं कूपन मी तिच्यासाठी राखून ठेवते.

एका गोष्टीचा मात्र मनापासून राग आला. एका अ‍ॅपवर कूपन लावलं आणि बिलात देणगीचे पैसे आपोआप येऊन बसले. मी ते काढले, पण फोन सासूबाईंच्या हातात असता तर त्यांच्या लक्षातही आलं नसतं. केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये ज्या 13 ‘डार्क पॅटर्न’ना, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांना, मनाई केली, त्यांतलाच हा ‘बास्केट स्नीकिंग’ प्रकार. रक्कम पाच रुपयांची असली तरी सोडू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करा. तिथे मराठीतही बोलता येतं.