गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कोणती चाचणी करावी: पॅप, डीएनए की एमआरएनए?

लॅबच्या दरपत्रकावर पॅप, एलबीसी, एचपीव्ही डीएनए, जिनोटायपिंग, को-टेस्ट अशी नावं एकाखाली एक असतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर किंवा त्याआधीचे बदल वेळीच पकडण्यासाठी या चाचण्या असतात. पॅपमध्ये गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर तपासतात आणि एलबीसी हा तिचाच द्रवातला प्रकार. एचपीव्ही हा हा कॅन्सर घडवणारा विषाणू; डीएनए चाचणी तो शोधते, जिनोटायपिंग त्याचा प्रकार सांगतं आणि को-टेस्ट म्हणजे पॅप व एचपीव्ही एकत्र. तिशी ओलांडलेल्या, काहीही त्रास नसलेल्या बाईने यातलं काय निवडावं? माझं मत आधीच सांगते. मिळत आणि परवडत असेल, तर हाय-रिस्क, म्हणजे कॅन्सरकडे नेऊ शकणाऱ्या एचपीव्हीची डीएनए चाचणी करावी, तीही १६ आणि १८ हे सर्वात धोक्याचे प्रकार वेगळे दाखवणारी.

यामागचा सर्वात भक्कम पुरावा आपल्याच उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या बायकांनी दिला आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या साथीने झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया होत्या. गावांचे चार गट केले: एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगरची चाचणी, म्हणजे व्हीआयए (गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं द्रावण लावून पांढरे डाग दिसतात का ते डोळ्यांनी पाहणं), आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. चाचणी फक्त एकदाच झाली होती. पॅप आणि व्हीआयए गटांत मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. मला त्याहून मोलाची वाटते ती निगेटिव्ह आलेल्या बायकांची गोष्ट. पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांमध्ये पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांच्या चौपटीहून जास्त निघालं. पाच वर्षं निर्धास्त राहायचं, तर ही खात्री हवी.

पॅप टाकाऊ नाही. पण काचपट्टीवरच्या हजारो पेशींमधून बदललेल्या मोजक्या पेशी माणसाच्या डोळ्याने हेरायच्या असतात आणि तो सरावलेला डोळा सगळीकडे नसतो. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांच्या एकत्रित आकडेवारीतही एका वेळच्या पॅपने ५३ टक्के कॅन्सरपूर्व बदल पकडले, एचपीव्ही चाचणीने ९६ टक्के. पॅपची खरी जागा एचपीव्ही पॉझिटिव्ह आल्यानंतरची आहे. पॅपच करणार असाल तर एलबीसी घ्या. त्यात ब्रश द्रवाच्या बाटलीत बुडवतात आणि त्याच बाटलीतून पुढे एचपीव्ही तपासता येतो, पुन्हा टेबलावर झोपावं लागत नाही.

आता डीएनए चाचण्यांमधला फरक. ‘आमची चाचणी अठ्ठावीस प्रकार ओळखते’ अशा जाहिरातीला भुलू नका. एचपीव्हीचा संसर्ग अगदी सर्रास होतो आणि बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. म्हणूनच तिशीच्या आत ही चाचणी करण्यात सहसा अर्थ नसतो. विषाणूचा कणन् कण पकडणारी चाचणी निरोगी बाईला उगाच घाबरवते. शिवाय ६ आणि ११ हे प्रकार मस करतात, कॅन्सर नाही. चांगली चाचणी कोणती, याचा आंतरराष्ट्रीय निकषही तसाच आहे. हायब्रिड कॅप्चर २ ही जुनी, सिद्ध झालेली चाचणी जेवढे कॅन्सरपूर्व बदल पकडते, त्याच्या किमान ९० टक्के नव्या चाचणीने पकडावेत, आणि निरोगी बायकांना निगेटिव्ह ठरवण्यात ती जुनीच्या ९८ टक्क्यांखाली जाऊ नये. लॅबला विचारा, ‘हे किट स्क्रीनिंगसाठी क्लिनिकली व्हॅलिडेटेड आहे का?’

हायब्रिड कॅप्चर १३ प्रकार एकत्र तपासते, पण कोणता सापडला ते सांगत नाही. नमुन्यात पेशी आल्या की नाहीत, हेही ती तपासत नाही, त्यामुळे ब्रश नीट फिरला नसेल तरी रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. कोबास ही चाचणी १६ आणि १८ वेगळे दाखवते, उरलेले १२ एकत्र, आणि नमुन्यात माणसाच्या पेशी आहेत ना, याचीही खातरजमा करते. एक्सपर्ट या चाचणीचा निकाल सुमारे तासाभरात येतो आणि टीबीसाठी आलेल्या सीबीनॅट मशीनवरच ती चालते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र छोट्या जागेतही मावतं, मात्र त्याची आधीची चिप १६, १८, ३१ आणि ४५ एवढेच चार प्रकार पाहते, नवी आठ. चार प्रकारांच्या निगेटिव्हला चौदा प्रकारांच्या निगेटिव्हइतकं वजन देऊ नका.

एमआरएनए चाचणी विषाणूची कॅन्सरकडे नेणारी जनुकं सक्रिय आहेत का, ते पाहते. खोटे पॉझिटिव्ह थोडे कमी येतात. चांगली आहे, पण नमुना डॉक्टर किंवा नर्सने घेतलेला हवा.

तालुक्याच्या शिबिरात फक्त व्हीआयए असेल तर? जरूर करून घ्या. मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी चार फेऱ्या केल्या आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिथे फायदा झाला तो पुन्हा पुन्हा केल्याने. पाळी गेल्यावर मात्र ही चाचणी भरवशाची राहत नाही.

संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर यातली कोणतीही चाचणी निवडत बसू नका, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणीला जा.

रिपोर्टवर १६ किंवा १८ पॉझिटिव्ह आलं तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी करायची, इतर हाय-रिस्क प्रकार आला तर आधी पॅप. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि कुणाच्या चारित्र्याचा दाखला तर मुळीच नव्हे. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. नवऱ्याची चाचणी करायला धावू नका, पुरुषांसाठी अशी मान्यताप्राप्त स्क्रीनिंग चाचणीच नाही.

तपासणीच्या संकोचामुळे अडून बसलेल्या आई, मावशी, काकू असतील, तर त्यांना स्वतः नमुना घेण्याबद्दल सांगा. न्हाणीघरात दार लावून योनीत ब्रश फिरवायचा आणि नळीत टाकायचा, एवढंच. कोबास, एक्सपर्टसारख्या पीसीआरवर आधारलेल्या चाचणीत असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्याच्या जवळपास तोडीचा ठरतो, हायब्रिड कॅप्चरसारख्या चाचणीत कमी पडतो. लॅबकडे कोणतं किट आहे आणि त्याला असा नमुना चालतो का, हे ब्रश घरी आणण्याआधी विचारून घ्या.