रथामागची आमची दिंडी: भिशी ३००० रुपये

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघाली, तेव्हा दिंडीत मी एका मैत्रिणीपलीकडे कुणालाच ओळखत नव्हते. तिच्याच ओळखीने ३००० रुपये भिशी, म्हणजे दिंडीची वारीभराची वर्गणी, भरली होती. त्यात चहा, दोन वेळचं जेवण, तंबूत झोपायला जागा आणि वळकटी वाहायला ट्रक. हरवलात तर स्वतःचं नाव सांगू नका, ‘रथामागे’ म्हणा आणि दिंडीचा आकडा सांगा, असं पहिल्याच संध्याकाळी बजावलं. माउलींच्या रथापुढे आणि रथामागे दिंड्या अशा आकड्यांनीच ओळखल्या जातात.

जेवण साधं, गरम, पोटभर. आंघोळीची सोय मात्र वाईट. साठ-सत्तर बायकांना आडोसा एकच, पहाटे अडीचला उठूनही रांग. एसटीच्या आरक्षण खिडकीवर ३१ वर्षं काढली आहेत, रांगेचं मला कळतं. जेजुरीला दिंडीच्या महाराजांना स्पष्ट सांगितलं. वाल्ह्याला दुसरा आडोसा उभा होता. टँकर मात्र शेवटपर्यंत उशिराच आला.

चालताना पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, मागे विणेकरी आणि त्यांच्यामागे तुळशीवाल्या, आम्ही बायका. दिवे घाटात मला धाप लागली. शेजारच्या मावशींनी काही न बोलता माझी पिशवी खांद्यावर घेतली, ती सासवडला पोचल्यावरच परत दिली.

मुक्कामाच्या तळावर होणारी समाजआरती तर प्रत्येकाने एकदा पाहावी. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचेच टाळ वाजत राहतात. लोणंदला ते आमचे होते. वाटेत दुसरी दिंडी क्रम सोडून आमच्यात घुसली होती. चोपदार आमच्यापर्यंत आले, सगळं ऐकून घेतलं, तेव्हाच आमचे टाळ थांबले. माझ्या हातात टाळ नव्हते, पण ती तक्रार माझीही होती.

बरडला अंगात कणकण होती म्हणून ट्रकच्या सावलीत पडून राहिले. पंगत बसली. वाढून झालं आणि वाढप्याला एक पान रिकामं दिसलं. मावशी शोधत आल्या, “ऊठ बाई, सगळे खोळंबलेत.” जाऊन पाहते तर खरंच कुणी घास उचलला नव्हता. मी बसल्यावर ‘पुंडलिक वरदे’ झालं. पंगतीचे पैसे मी भरले होते, थांबण्याचे नव्हते.

महाराजांनी टँकरचं तेवढं मनावर घ्यावं. पुढच्या वर्षीची भिशी मी वाखरीच्या, पंढरपूरआधीच्या शेवटच्या तळावरच देऊन ठेवली आहे.