आखूड स्केलची बेस गिटार: हाताला झेपणारी आणि नजरेत भरणारी

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातील वाद्यवृंदात बेस, म्हणजे खर्जाचे स्वर देणारी चार तारांची गिटार, वाजवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मंडळाच्या कपाटात असलेली ३४ इंच स्केलची गिटार मी निमूटपणे गळ्यात अडकवली. दीड महिन्याच्या तालमींनंतर डावे मनगट आतल्या बाजूने ठणकू लागले आणि माझी उंची पाच फूट एक इंच आहे, ही गोष्ट वाद्याने मला नव्याने सांगितली. त्यानंतर तीन-चार महिने मी पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाऊन आखूड स्केलच्या बेस वाजवून पाहिल्या. शेवटी स्क्वायर कंपनीच्या ‘क्लासिक व्हाइब’ मालिकेतील साठच्या दशकाच्या धाटणीची मस्टँग बेस घेतली. तिच्याविषयी आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या खटाटोपाविषयी हे लिहीत आहे.

स्केल म्हणजे नटपासून (गिटारीच्या डोक्याजवळची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (शरीरावरचा तारांचा टेकू) तारेची कंप पावणारी लांबी. नेहमीच्या बेसवर ती ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असते आणि आखूड स्केलवर बहुधा ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. चार इंचांनी एवढा काय फरक पडणार, असे मलाही वाटले होते. पण नेकवरच्या, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी (फ्रेट) पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर लांब स्केलवर जवळपास १३० मिलिमीटर भरते, तर आखूड स्केलवर साधारण ११४. एका फ्रेटला एक बोट या शिस्तीने वाजवणाऱ्याच्या करंगळीला हे दीड सेंटिमीटर पहिल्याच दिवशी जाणवते. शिवाय नट शरीराच्या जवळ आल्यामुळे डावा हात कोपरातून ताणावा लागत नाही, आणि माझ्या ठणक्याचे खरे मूळ बोटांपेक्षा त्या ताणलेल्या कोपरातच होते.

लांबी घटली की तारेचा ताणही घटतो. त्याच जाडीची तार त्याच स्वरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ३० इंचांवर तो सुमारे २२ टक्क्यांनी कमी असतो. बोटाला तार मऊ लागते, स्वर गोल आणि घुमारेदार येतो. मात्र सर्वांत जाड ‘ई’ तार, जिचा मोकळा स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, ती थोडी सैल वाटते, आणि सवयीने जोरात दाबली तर स्वर चढतो. माझे पहिले दोन आठवडे हात हलका करण्यातच गेले.

आखूड स्केल म्हणजे लहान मुलांचे वाद्य, असा शेरा दुकानात हमखास ऐकू येतो. फेंडरची ३४ इंची प्रिसिजन बेस १९५१ सालची. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, गिब्सनने काढलेली पहिली विजेची बेस साडेतीस इंचांचीच होती. बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर हीसुद्धा आखूड स्केलचीच. ती घेण्याचे एक कारण त्यांनी पुढे सांगितले, ते मला फार पटते: ते डावखुरे असल्याने गिटार उलटी धरावी लागणार होती, आणि दोन्ही बाजूंनी सारखा आकार उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. वाद्य रूपावरून निवडणे उथळपणाचे आहे, असे मानणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

आता वाजवून पाहिलेल्या गिटारींकडे येते. आयबनेझची मायक्रो मालिकेतील बेस २८.६ इंचांची आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा सतत प्रवास करणाऱ्याला ती उत्तम. माझी बोटे लांबीने कमी असली तरी जाड आहेत, त्यामुळे बाराव्या फ्रेटच्या पुढे त्यांची गर्दी होऊ लागली. त्याच कंपनीची ३० इंची टालमन बेस मात्र मला मनापासून आवडली. दोन वेगवेगळ्या धाटणींचे पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी भाग) असल्यामुळे तिच्यात स्वराचे पर्याय अधिक मिळतात, आणि ज्याला दिसण्याची फारशी फिकीर नाही त्याने माझी निवड सोडून ती घेतली तरी पस्तावण्याचे कारण नाही. स्क्वायरची ब्रोंको एकाच पिकअपची, साधीसुधी, सुरुवातीला पुरेशी आहे.

हॉफनरच्या स्वस्त मालिकेतील व्हायोलिन बेस उचलली तेव्हा क्षणभर हातात काही आहे की नाही असे वाटले, कारण आतून पोकळ असल्यामुळे तिचे वजन नेहमीच्या बेसच्या निम्म्याच्या आसपास भरते. रूपाच्या बाबतीत तर तिच्यापुढे कोणी टिकणार नाही. परंतु तोच पोकळपणा मोठ्या आवाजाच्या मंचावर अडचणीचा ठरतो: स्पीकरजवळ उभे राहिले की गिटार गुणगुणू लागते. आमच्या मांडवात बेसवाल्याला स्पीकरपासून लांब उभे राहण्याची चैन मिळत नाही.

गिब्सन घराण्यातील ईबी-० आणि तिच्या धर्तीवरच्या शिंगवाल्या (नेकच्या दोन्ही बाजूंना शरीराची टोके पुढे आलेल्या) गिटारींचा लालसर लाकडी रंग मोहात पाडतो, पण पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. नेक हळूहळू जमिनीकडे झुकू लागते. वरचे शिंग आखूड असल्याने पट्ट्याचा टेकू बाराव्या फ्रेटपासून दूर, मागे पडतो आणि तोल नेककडे जातो. मग स्वर धरणारा हात वाद्यही उचलून धरतो. स्केल आखूड असूनही मनगट दुखू शकते ते असे. दुकानदार खुर्ची पुढे करतो, कारण बसून प्रत्येक गिटार सोयीची वाटते. आपण खुर्ची नाकारावी आणि निदान दहा मिनिटे उभे राहून वाजवावे.

मस्टँग या कसोटीला उतरली. मूळ मस्टँग बेस फेंडरने १९६६ मध्ये बाजारात आणली. माझी गिटार त्याच आराखड्याची आहे. तिचे शरीर किंचित तिरके आहे, वरचे शिंग पुरेसे पुढे आलेले आहे, त्यामुळे हात सोडला तरी नेक जागच्या जागी राहते. नटची रुंदी ३८ मिलिमीटर असल्याने अंगठा मागून सहज पकड घेतो. दोन तुकड्यांचा एकच पिकअप, आवाजाचे एक बटण, टोनचे एक बटण, इतकाच कारभार. टोन पूर्ण उतरवला की भावगीताखाली डग्ग्यासारखा खर्ज घुमतो, आणि पूर्ण चढवला तर लावणीच्या ठेक्यात तार स्पष्ट टणटणते. नेकवरचा चकचकीत लेप सुंदर दिसतो खरा, मात्र ऑगस्टच्या दमट हवेत घामट तळवा त्याला चिकटतो. मी खिशात सुती रुमाल ठेवते.

तारांच्या बाबतीत फसगत झाली. या गिटारीत तारा शरीराच्या मागच्या बाजूने आरपार ओवल्या जातात, त्यामुळे प्रत्येक तारेला स्केलपेक्षा बरीच जास्त लांबी लागते. हे माहीत नसल्याने एका दुकानदाराच्या शब्दावर मी आखूड स्केलचा संच घेतला. ‘ई’ तारेचे जाड वेटोळे नटच्या अलीकडेच संपले आणि रेशमी दोऱ्याने गुंडाळलेला बारीक भाग नेमका नटच्या खाचेत येऊन बसला. स्वर मेला तो मेलाच, शिवाय खुंटीवर धड दीड वेढाही बसेना. आणि उघडलेला संच दुकानदार परत घेईना. म्हणून आरपार तारांची गिटार असेल तर तारेच्या टोकाच्या गोळीपासून नटपर्यंतचे अंतर आधी मोजावे आणि संचावर दिलेल्या जाड भागाच्या लांबीशी ताडून पाहावे. आता मी सपाट वेटोळ्यांच्या तारा वापरते. बोट घासल्याचा आवाज जवळपास येत नाही आणि जुन्या चित्रपटगीतांना त्यांचा मऊ स्वर शोभतो.

रंग फिकट हिरवा, सर्फ ग्रीन नावाचा. जुन्या सरकारी दवाखान्यांच्या भिंतींना असायचा तसा, असे माझी आई म्हणाली. तरीही ही गिटार मी पिशवीत न ठेवता दिवाणखान्यात स्टँडवर ठेवते, आणि समोर दिसते म्हणूनच भाताच्या कुकरला तीन शिट्या होईपर्यंतच्या वेळात हातात घेतली जाते.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. आमच्या गायकाच्या पट्टीसाठी दोन गाण्यांत सर्वांत जाड तार ‘डी’पर्यंत उतरवावी लागते. तिथे आखूड स्केलवरची तार अगदी ढिली पडते आणि फ्रेटवर खडखडते. त्या दोन गाण्यांपुरती मंडळाची जुनी ३४ इंची गिटार मी अजूनही गळ्यात घालते.