देवळालीचा ताप, अर्थात वर्डप्रेस घ्यावं की स्टॅटिक साइट?

नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या अलीकडे माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला त्याने चार खोल्या बांधल्यात आणि २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय, म्हणून आता त्याला वेबसाइट हवी आहे. ट्रॅक्टर घेताना विचारावं तसं त्याने फोनवर विचारलं, "वर्डप्रेस का ते दुसरं? तू फक्त नाव सांग." नाव सांगून मोकळा झालो असतो. पण मी वेबसाइट बनवतो आणि असे फोन मला वर्षातून पाच-सहा तरी येतात, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

वाइनच्या नाशिकमध्ये राहून मी बिअर पिणारा आहे, त्यामुळे उदाहरणंही तिकडचीच येणार. वाइनवाले मित्र हसतात, हसू देत. पुण्यात २००९मध्ये 'डूलाली' नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तो शब्द मुळात आपल्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले गोरे सोजीर भ्रमिष्ट व्हायचे, त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. गिऱ्हाइकाला वेबसाइट समजावताना मला दोन्ही अर्थ कामाला येतात.

वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर, ते म्हणजे नळाची बिअर. कोणी पान उघडलं की तिथल्या तिथे पीएचपी भाषेतला प्रोग्रॅम चालतो, मायएसक्यूएल या डेटाबेसकडे मजकूर मागतो, पान जुळवतो आणि ग्लास भरून देतो. स्टॅटिक साइट म्हणजे बाटली. पानं आधीच एकदा तयार करून ठेवायची, येईल त्याला तीच बाटली द्यायची. मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही.

आता नळाची गंमत अशी की ताजेपणाला त्याला तोड नाही, पण पाइप धुवावे लागतात. साधारण दोन आठवड्यांनी. नाही धुतले तर आत जंतू आणि चुनखडीसारखा थर बसतो आणि चांगल्या बिअरलाही लोण्याचा कुबट वास मारतो. वर्डप्रेसचं अगदी हेच. २००३ साली निघालेलं हे सॉफ्टवेअर आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट्सच्या मागे आहे, आणि भुरट्यांचंही सगळं लक्ष तिथेच असतं. मूळ वर्डप्रेस तसं भक्कम आहे. भोकं पडतात ती प्लगइनमध्ये, म्हणजे वरून जोडलेल्या जास्तीच्या सोयींमध्ये.

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. एका हॉटेलची साइट करून दिली, देखभालीचे पैसे वेगळे लागतील म्हटल्यावर मालक म्हणाले, "बघू नंतर." मीही मागे लागलो नाही. दीड वर्षाने त्यांचा फोन आला: गुगलवर आपलं नाव शोधलं की खाली जपानी अक्षरं येतात. साइट उघडली तर सगळं जागच्या जागी. पण सर्व्हरवर बघतो तो नकली बूट-चपला विकणारी हजारो जपानी पानं, फक्त गुगलला दिसतील अशी. फोटो गॅलरीचं एक जुनं प्लगइन अपडेट न केल्याचा हा प्रसाद. साफसफाईला चार दिवस गेले आणि गुगलच्या यादीतून ती पानं उतरायला दोन महिने. पैसे मागायला तोंड नव्हतं.

म्हणजे बाटलीच बरी? थांबा. बाटलीचेही रोग आहेत. हिरव्या काचेतून उजेड आत गेला की हॉप्समधली द्रव्यं फुटतात आणि बिअरला विचित्र उग्र वास येतो. शिवाय एकदा बूच लागलं की आतलं बदलता येत नाही. एका गिऱ्हाइकाला मी हौसेने ह्यूगो या अवजारावर स्टॅटिक साइट करून दिली होती. लिहायचं मार्कडाउनच्या खुणा वापरून, बदल पाठवायचा गिट या प्रोग्रॅमरांच्या साधनातून. माझ्यासाठी स्वर्ग. दिवाळीच्या तोंडावर त्यांना दर बदलायचे होते आणि मी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये, गाडी कसारा घाटात. बोगदा संपला की एक मेसेज यायचा, उत्तर टाइप करेपर्यंत पुढचा बोगदा. इगतपुरीला नेटवर्क आलं तेव्हा सात मिस्ड कॉल होते, आणि तेवढ्यात जुन्या दराने एक बुकिंग होऊनही गेलं होतं. वर्डप्रेस असतं तर त्यांनी मोबाइलवरूनच आकडा बदलला असता.

गर्दीचं काय, हा प्रश्न भावाने सगळ्यात आधी विचारला होता. सिंहस्थात साइट बसेल का? दादा, खोल्या चार आहेत. लाखो भाविक गोदाकाठी येतील, तुझ्या साइटवर नाही. कॅशिंग (एकदा जुळवलेलं पान साठवून ठेवणं) लावलेलं वर्डप्रेसही तुझी गर्दी आरामात झेलेल. खरी अडचण पलीकडच्या टोकाला आहे. रामकुंडावर खांद्याला खांदा लागलेला असताना मोबाइलचा टॉवर धापा टाकतो, आणि अशा वेळी तीन एमबीचं पान उघडतच नाही, दोनशे केबीचं उघडतं. वर्डप्रेसचं पानही हलकं करता येतं, नाही असं नाही. पण तयार थीम, तिच्यावर पेज बिल्डर, वर सरकते फोटो असं करत करत ते लग्नातल्या रुखवतासारखं भरत जातं. इथे मी स्टॅटिकच्या बाजूने आहे.

बुकिंगवर मात्र खरा निर्णय अडतो. दोन-तीन पोर्टलवर खोल्या टाकल्या असतील आणि स्वतःच्या साइटवरही पैसे भरून बुकिंग घ्यायचं असेल, तर सगळ्यांची कॅलेंडरं एकमेकांशी जुळवावी लागतात. एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं सामान घेऊन दारात उभी, हे कोणाला नको असतं. अशा वेळी वर्डप्रेस आणि त्यावरचं चांगलं, विकत घेतलेलं बुकिंग प्लगइन. स्टॅटिकवर ते ओढूनताणून करू नका. पण लोक शेवटी फोन करूनच येणार असतील, "पाणी गरम मिळेल ना?" विचारूनच पैसे पाठवणार असतील, तर व्हॉट्सॲपचं एक बटण आणि यूपीआय पुरतं.

खर्चाचं फार लिहीत नाही. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, दोन्हीकडे घ्यावंच लागतं. वर्डप्रेसला होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि देखभाल धरून दरवर्षी काही हजार बाजूला ठेवा. स्टॅटिकला होस्टिंग जवळपास फुकट. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या 'पेजेस' या होस्टिंग सेवेच्या मोफत योजनेत महिन्याला ५०० वेळा साइट नव्याने बांधता येते, शेतकऱ्याला तेवढी कधीच लागणार नाही. गिटहब पेजेस ही तशीच दुसरी सेवा मात्र धंद्याची साइट फुकटात चालवण्यासाठी नाही, हे त्यांच्या नियमातच आहे.

आणि बातम्या वाचून घाबरणाऱ्यांसाठी दोन शब्द. सप्टेंबर २०२४मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जुंपली, त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांचे अपडेट अडकले, प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा पुष्कळांनी "बघा, स्टॅटिकच बरं" म्हणून घेतलं. वर्षाने, सप्टेंबर २०२५मध्ये, एनपीएम या तयार कोडच्या कोठारातल्या पॅकेजांमधून आपोआप पसरणारा किडा निघाला आणि पुष्कळ स्टॅटिक साइट्स बांधणारी अवजारं त्याच एनपीएमवरून येतात. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या १८ तारखेला क्लाउडफ्लेअर काही तास आडवं झालं, तेव्हा बाटली आणि नळ दोन्ही बंद. त्यामुळे बातमी बघून निवड करू नका.

मी विचारतो ते एवढंच: घरात दर महिन्याला पाइप धुणारं कोणी आहे का? असेल, किंवा त्याचे पैसे मोजायची तयारी असेल, तर वर्डप्रेस घ्या, सोयी भरपूर आहेत. "बघू नंतर" म्हणणारे असाल तर बाटली.

भाऊ "बघू नंतर"वालाच आहे. पण वहिनी नाही. हुरडा कधी, द्राक्षतोडणी कधी, जेवणाचा दर काय, हे सगळं तिच्या वहीत असतं आणि दर आठवड्याला बदलतं. म्हणून मधला मार्ग काढला: साइट स्टॅटिक, पण दर आणि तारखा एका गुगल शीटमधून येतात. वहिनीने मोबाइलवर आकडा बदलला की थोड्या वेळात साइटवर बदलतो. मी घाटात असलो तरी.

पहिल्याच दिवशी तिने जेवणाच्या माणशी दराच्या रकान्यात मराठीत "१,८००" टाकलं. साइटवर आकडेमोड करणाऱ्या जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे कळत नाहीत. "हा आकडाच नाही" असं सांगणारी त्याची तीन इंग्रजी अक्षरं साइटवर झळकली. वहिनीने स्क्रीनशॉट पाठवला. "भाऊजी, जेवणाच्या रकान्यात 'नान' का आलंय? आपल्याकडे भाकरी असते."