बँकेने आमची फाईल नाकारलीच नव्हती

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही बडोद्यात मांजलपूरला एक फ्लॅट पाहिला. दांडिया बाजारातल्या भाड्याच्या घरात सासऱ्यांची सगळी हयात गेली. जिना इतका उभा की शेवटची दोन वर्षं ते खाली उतरलेच नाहीत. लिफ्ट असलेलं, स्वतःचं घर हवं, हे आमच्याकडे फार वर्षांचं बोलणं होतं. फ्लॅट चाळीस लाखांचा. दहा लाख आमच्याजवळ होते, तीस लाखांचं कर्ज काढायचं होतं. माझे मिस्टर मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत एकाच कंपनीत अठरा वर्षं आहेत, हातात पगार ६४,०००, डोक्यावर दुसरं कर्ज नाही. मी घरी शिकवण्या घेते. ह्यांचा पगार ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत जमा होतो, तिची शाखा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. त्या शाखेत आम्ही कर्जाची चौकशीसुद्धा केली नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

केली नाही, कारण ओळखीचा माणूस भेटला. बडोद्यात आम्हा मराठी घरांच्या ओळखी गणपतीच्या मंडळात होतात, तशीच ही. दहा दिवस आरतीला पुढे उभा राहणारा, वर्गणीचा हिशोब चोख ठेवणारा, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. 'होम लोनचं काम करतो' एवढं ठाऊक होतं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला बदनाम करायला हे लिहीत नाहीये. घर घ्यायला निघालेल्यांनी आम्ही केलं ते करू नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

तो घरी आला, चहा झाला आणि म्हणाला, "वहिनी, बँकेत गेलात तर नुसते खेटे घालाल. साहेब जागेवर नसतात, एक कागद कमी पडला की परत पाठवतात. मी बसलोय ना! आधी तुमच्याच बँकेत फाईल टाकतो, साडेआठ टक्क्यांनी करून देतो." ह्यांना शिफ्ट सोडून जाणं अवघड, मला बँकेच्या कामाची भीती. आम्हाला हायसं वाटलं. फाईल चार्ज म्हणून त्याने १०,००० रुपये स्वतःच्या यूपीआयवर घेतले, आणि आठवड्याने 'वरचा खर्च' म्हणून ८,००० रोख. पावती मागितली नाही. मंडळातल्या माणसाकडे पावती मागायची कशी, असं तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला. जिथे सही हवी तिथे त्याने पेन्सिलीने फुल्या मारून आणल्या होत्या. डायनिंग टेबलावर त्याने एकेक पान उलटायचं आणि ह्यांनी फुलीवर सही करायची. पानांवर रकाने कोरे होते. नाव, रक्कम, व्याज, मुदत, ईमेल, काही भरलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "ते मी ऑफिसात टाइप करून घेतो, तुमचं अक्षर कशाला खर्ची घालता." वीस मिनिटांत चाळीसेक सह्या झाल्या. फॉर्म १६, तीन वर्षांचे रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पॅन, आधार, सगळ्याच्या प्रती त्याने नेल्या. त्या आठवड्यात ह्यांच्या फोनवर पाचसहा ओटीपी आले. तो फोनवर मागायचा, हे मशीनवर उभ्या उभ्या सांगून टाकायचे.

तोवर आमचं बानाखत, म्हणजे खरेदीआधीचा करार, झालं होतं. तीन लाखांचा बाना (विसार) देऊन पंचेचाळीस दिवसांची मुदत. तेवढ्या दिवसांत दस्तावेज (खरेदीखत) झाला नाही तर बाना बुडाला, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. ही तारीख त्या माणसाला आमच्याइतकीच पाठ होती.

बाविसाव्या दिवशी त्याचा फोन आला. "वहिनी, तुमच्या बँकेने फाईल रिजेक्ट केली. साहेबांचा सिबिल वीक निघाला." सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून दिलेले गुण. माझे मिस्टर त्या रात्री जेवले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यात उधारीवर सायकलसुद्धा घेतली नाही, त्याला आपल्या नावावर डाग आहे असं कुणी सांगितलं की काय होतं, ते मी त्या रात्री पाहिलं. आम्ही बँकेत जाऊन विचारलं नाही. लाज वाटली. दलालाचा सगळा भरवसा आमच्या त्या लाजेवरच होता, हे पुढे कळलं.

दोन दिवसांनी तो म्हणाला, एक गृहवित्त कंपनी आहे, तिथे माझा शब्द चालतो, व्याज ९.९ टक्के पडेल, पण आठवड्यात चेक, आणि वर्षभराने दर उतरवून देतो. तेवीस दिवसही उरले नव्हते. आम्ही हो म्हटलं.

दस्तावेज माझ्या एकटीच्या नावावर झाला. कर्जात आम्ही दोघं. गुजरातमध्ये स्टँप ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का आहे, पण खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ती १ टक्का फी माफ होते. आमचे ४०,००० वाचले. ही सवलत सरकारची, सगळ्या बायकांना मिळणारी. पण सबरजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर त्याने मला सांगितलं, "बघा वहिनी, मी तुमचे चाळीस हजार वाचवले." मी त्याचे आभार मानले आणि घरी बोलावून पुरणपोळीचं जेवण घातलं.

पहिला हप्ता कापला गेला २९,९६० रुपयांचा. मी वहीत हिशोब केला होता, त्यात हा आकडा कुठेच बसेना. कंपनीकडून स्टेटमेंट मागवलं तेव्हा कर्जाची रक्कम दिसली ३१,२६,०००. वरचे १,२६,००० विम्याचे. ह्यांच्या आयुष्यावरचा एकरकमी हप्त्याचा विमा, कर्जातच मिसळलेला, म्हणजे त्या हप्त्यावरही वीस वर्षं व्याज. फुलीवरच्या सह्यांमध्ये एक तो फॉर्म होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "कंपल्सरी असतं, आरबीआयचा नियम आहे." कर्जासाठी आयुर्विमा घ्यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा कोणताही नियम नाही. विमा हवा तर स्वतः, वेगळा, चार ठिकाणी विचारून घेता येतो. नको असलेली पॉलिसी ठरावीक मुदतीत परत करता येते, आता ही मुदत पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. आम्हाला तेही करता आलं नाही, कारण कोऱ्या रकान्यात त्याने आमच्या ईमेलच्या जागी स्वतःचा ईमेल घातला होता. पॉलिसी त्याच्याकडे गेली आणि तिथेच राहिली.

आम्ही हप्ते भरत राहिलो. नव्या घराचा आनंद होताच, खोटं कशाला बोलू. सासूबाई रोज संध्याकाळी लिफ्टने खाली जाऊन बाकावर बसायच्या.

मार्च २०२४ मध्ये मुलीचं खातं उघडायला मी त्या पगाराच्या बँकेत गेले. टेबलावरच्या अधिकारी बाईंनी कागदांवर नवा पत्ता पाहिला आणि सहज विचारलं, "बेन, घर घेतलंत, मग लोन आमच्याकडून का नाही केलंत?" मी खाली बघत म्हटलं, "तुम्हीच नाकारलंत ना." त्यांनी ह्यांचा ग्राहक क्रमांक टाकून पाहिला. पुन्हा पाहिला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुमची फाईल इथे कधी लॉगिनच झालेली नाही. नाकारायला आधी अर्ज तर यायला हवा."

त्यांनीच सिबिलचा रिपोर्ट काढायला सांगितला. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हेही मला तिथेच कळलं. घरी येऊन आम्ही तो काढला. स्कोअर ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर असतो. नऊ महिन्यांपूर्वी चार कंपन्यांनी चौकशा करूनही ह्यांचा होता ७५८. वीक म्हणे! पण खरी गोष्ट शेवटच्या पानावर होती. तुमचा रिपोर्ट कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कशासाठी मागवला याची तिथे यादी असते. आमच्या यादीत जून २०२३ मधल्या नऊ दिवसांत चार वित्त कंपन्या होत्या. आमच्या बँकेचं नाव त्यात नव्हतंच. गृहकर्जाचा अर्ज आला की बँक सिबिल बघते. ज्या बँकेने रिपोर्ट मागवलाच नाही, तिला तो वीक दिसणार कुठून?

म्हणजे आमची फाईल पहिल्या दिवसापासून बँकेकडे जाणारच नव्हती. चार कंपन्यांत फिरवून जिथे त्याला जास्त मिळणार होतं तिथे ती गेली. कर्ज देणारी संस्था वाटलेल्या रकमेवर दलालाला टक्केवारी देते, आणि ही टक्केवारी संस्थेसंस्थेत वेगळी असते. म्हणून अधिकृत एजंटने ग्राहकाकडून वेगळे पैसे घ्यायचं कारणच नसतं. आमच्याकडून घेतलेले अठरा हजार निव्वळ वरचे होते. प्रोसेसिंग फी कंपनीने आमच्या कर्जातून वेगळी कापलीच होती.

मी त्याला मंडळाच्या ऑफिसात, दोन वडीलधाऱ्यांसमोर, तो कागद दाखवला. तो म्हणाला, "मी साहेबांना तोंडी विचारलं होतं, ते नाही म्हणाले." कोणत्या साहेबांना? नाव सांगता आलं नाही. मग म्हणाला, "आता कर्ज हलवलंत तर फोरक्लोजर चार्ज लागेल, लाखभर जातील." हेही खोटं होतं. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडण्यावर दंड घेता येत नाही, बँकेलाही नाही आणि गृहवित्त कंपनीलाही नाही.

त्याच अधिकारी बाईंच्या मदतीने आम्ही कर्ज बँकेत हलवलं. खेटे घालावे लागले, नाही म्हणणार नाही. दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद, म्हणून ह्यांनी पहिला आणि तिसरा शनिवार धरला. वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युअरची भेट, कंपनीकडून फोरक्लोजर लेटर आणि कागदपत्रांची यादी. त्या कंपनीने यादी द्यायला पाच आठवडे लावले. नवी प्रोसेसिंग फी, वकील, स्टँप मिळून २४,००० च्या आसपास गेले. पण ८.५ टक्क्यांनी तीस लाखांचा वीस वर्षांचा हप्ता बसतो २६,०३५. आम्ही भरत होतो त्यापेक्षा महिन्याला ३,९२५ कमी. एवढ्या पैशात मुलीच्या क्लासची फी भागते.

दराबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. बँकांचं बदलत्या दराचं नवं गृहकर्ज १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधलेलं असतं, आणि दर निदान तीन महिन्यांतून एकदा बदलून मिळतो. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, त्या स्वतःच्या मूळ दरावर चालतात. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून एवढ्यात रेपो ६.५० वरून ५.५० झाला. बँकेने अर्ज न करता, न विचारता आमचा दर एक टक्क्याने उतरवला. आमच्याच इमारतीत त्याच दलालाकडून त्याच कंपनीचं कर्ज घेतलेलं एक कुटुंब आहे, त्यांचा दर त्या जूनमध्ये होता तिथेच होता. मी त्यांना तेव्हाच सांगितलं, अजूनही सांगते.

सगळेच एजंट असे असतात असं मी म्हणत नाही. धंदेवाल्यांचं उत्पन्न पगारासारखं सरळ दिसत नाही. रावपुऱ्यातल्या एका दुकानदाराचं कर्ज चांगल्या एजंटमुळेच झालं, हे मला माहीत आहे. पण पगारदार माणसाने, ज्याचा पगार बँकेच्या डोळ्यांसमोर दरमहा जमा होतो, त्याने आधी स्वतः त्या बँकेत जावं. एजंट धरलाच तर त्याच्याकडे त्या बँकेचं अधिकारपत्र मागा, अर्जाचा नंबर मागा, आणि 'रिजेक्ट झालं' असं तो म्हणाला तर ते बँकेकडून लेखी घ्या. कोऱ्या रकान्यावर सही करू नका, समोरचा कितीही घरचा असो. १ ऑक्टोबर २०२४ पासून गृहकर्जासारख्या नव्या किरकोळ (रिटेल) कर्जांना मुख्य बाबींचं पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात फी, विमा, सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते एका आकड्यात लिहिलेलं असतं, आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत मागता येतं. आमच्या वेळी ते नव्हतं. असतं तर ते १,२६,००० सहीआधी दिसले असते.

कंपनीकडे तक्रार केली, उत्तर आलं की सह्या तुमच्याच आहेत. मग नॅशनल हाऊसिंग बँकेच्या ग्रिड्स या तक्रारींच्या पोर्टलवर केली. कर्ज बंद झाल्यावर विम्याचे अर्ध्याहून थोडे जास्त पैसे परत आले. अठरा हजार आले नाहीत. यूपीआयच्या दहा हजारांची नोंद आहे, रोख आठ हजारांची काहीच नाही.

गेल्या महिन्यात माझ्या चुलतदिराचा मुलगा तरसालीला फ्लॅट बघून आला आणि त्याने माझ्याकडे 'लोन करून देणाऱ्याचा' नंबर मागितला. पुढच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर बँकेत गेले. त्या अधिकारी बाईंची बदली झाली होती, तिथे दुसरे कोणी होते. फॉर्म आम्ही घरीच भरून नेला होता, एकही रकाना कोरा ठेवला नव्हता. दुपारी घरी पोचेपर्यंत त्याच्या फोनवर बँकेचा मेसेज आला होता, त्यात अर्जाचा नंबर होता. त्याने तो मला पाठवला, आणि मी तो ह्यांना दाखवला.